सेतू केंद्रातल्या ताई आणि आमच्या तलाठी सज्जाचे कोतवाल, मनापासून आभार

आमचे मामा बरीच वर्षं मस्कतला गवंडीकाम करून परभणी जिल्ह्यातल्या गावी परतले. वय पासष्टच्या पुढं, गुडघे गेलेले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळाले तर औषधपाणी तरी भागेल, एवढीच अपेक्षा. पण रेशनकार्डातून नाव कमी झालेलं, बँकेचं खातं बंद पडलेलं. एका कार्यालयात तर ‘दुबईवाल्याला कशाला निराधारचे पैसे?’ असं ऐकवलं. तिकडं सिमेंट कालवणाऱ्याला काय मिळतं, हे त्यांना कोण सांगणार!

सेतूतल्या ताईंनी मात्र आधी खुर्ची दिली. आधारसाठी मामांचा अंगठा काही लागेना. सिमेंटनं बोटांच्या रेषाच झिजल्यात. मागं रांग कुरकुरत होती. ताईंनी ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं, पुन्हा ठेवून पाहिलं. शेवटी डोळ्यांचं स्कॅन केलं, तेव्हा जुळलं. ‘काका, हात कष्टाचे आहेत, त्याला काय करणार,’ एवढंच म्हणाल्या. उत्पन्नाच्या दाखल्याला वर्षाला २१ हजारांची मर्यादा, पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट, सगळं त्यांनीच समजावलं. परदेशातली वर्षं लपवू नका, पासपोर्टच्या प्रती जोडा, हेही बजावलं.

कोतवाल काकांनी शाळेतून जन्मतारखेची नोंद असलेला प्रवेश निर्गम उतारा काढून आणला, तोही भर उन्हात सायकलवर. पेट्रोलचे पैसे द्यावेत तर पेट्रोलच नाही!

अर्ज मंजूर झाला, पहिला हप्ता खात्यात आला. ताईंनी पावतीपेक्षा रुपया जास्त घेतला नाही. मामींनी दोघांनाही जेवायचं आवतण धाडलंय, यावंच लागेल.