आजीचे संवाद कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालिकेतल्या आजीच्या तोंडचे जातीचे संवाद काढून टाका, असं कालच्या अंकातलं पत्र वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही. पत्रलेखकांची तळमळ खरी असेल. पण ‘अशी आजी आता दाखवायचीच कशाला?’ हा त्यांचा सवाल मला झोंबला. अशी आजी माझ्या घरात होती.

आमच्या ढाळजेतल्या, म्हणजे दारालगतच्या ओसरीतल्या, कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. सालगड्यानं तो स्वतः उतरवायचा, आजीनं वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की त्यानंच विसळून पालथा ठेवायचा. त्याच्या लेकीच्या बाळंतपणाला याच आजीनं तूप नि डिंक दिला. तोही वरूनच टाकला. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा मी चौथीत होते. गडी कितीतरी दिवस आला नाही. कप कोनाड्यात पालथाच. आजी एवढंच म्हणाली, “बैलायला पाणी कोन पाजंल?”

तिचे संवाद कापले तर उरते नुसती लाडू वळणारी आजी. मग तो कप गडी का विसळायचा, हे माझ्या नातवंडांना कोण सांगणार? निळूभाऊ फुले समता शिकवणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले, पण पडद्यावर माजोरडे पुढारी असे उभे केले की बाया त्यांना शिव्या घालायच्या. ते विचार निळूभाऊंचे आहेत, असं कोणी म्हटलं का?

आक्षेप घ्यायचाच तर त्या पार्श्वसंगीतावर घ्या. आजी गड्याला टोचून बोलते आणि मागं गमतीचं संगीत वाजतं, सून तोंडाला पदर लावून हसते. कॅमेरा गड्याच्या तोंडाकडं वळतच नाही. बोलणं आजीचं आहे, पण ते हसू मालिकावाल्यांचं आहे. तिथं माझाही विरोध आहे.

आणखी एक. जात काढणारं माणूस दाखवायचं म्हटलं की त्याच्या तोंडी आमचंच ‘कामून’ आणि ‘करायलास’ का घालता? त्याच मालिकेतला शिकलेला, समजूतदार नातू मात्र पुस्तकी मराठी बोलतो. आमच्या गड्याची बोलीही आजीचीच होती. आणि वेगळे कप शहरातल्या फ्लॅटमध्येही मी बघितले आहेत, कामवाल्या बाईसाठी, सिंकखाली ठेवलेले.

– एक निवृत्त शिक्षिका, सेलू (जि. परभणी)