कार्डाच्या किमतीबरोबर प्रतींची संख्याही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात खेळाडूंची चित्रं छापलेल्या कार्डांना कोटींनी भाव मिळाल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. माझं नवी पेठेत स्टेशनरीचं दुकान आहे. अशी बातमी आली की शाळा सुटल्यावर पोरं दुकानात गर्दी करतात. ‘काकू, रुकी कार्ड आलंय का?’ क्रिकेटच्या कार्डांची पाकिटं पायरीवरच फोडतात, हवं ते निघालं नाही की दुसरं पाकीट मागतात. पैसे खाऊचे असतात, कधी आजीने दिलेले. पाकिटं विकून माझंही पोट चालतं, तरी हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

बातमीत किंमत ठळक असते. कार्ड कोणत्या कंपनीचं, किती छापलं गेलं आणि कोणत्या अवस्थेत होतं, हे मात्र शोधून सापडत नाही. भाव तर त्यावरच ठरतो.

रुकी कार्ड म्हणजे खेळाडू मोठ्या स्पर्धेत उतरला त्या सुमाराचं त्याचं पहिलं कार्ड. ही पद्धत अमेरिकेतल्या बेसबॉलची. मुलांची पक्की समजूत अशी की पहिलं कार्ड तेच सगळ्यात महाग. बेसबॉलमधलं सर्वांत गाजलेलं उदाहरण नेमकं उलटं आहे. मिकी मँटलचं रुकी कार्ड १९५१ सालचं, बोमन कंपनीचं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १०० कोटी रुपयांना विकलं गेलं ते त्याचं १९५२ चं, टॉप्स कंपनीचं कार्ड. टॉप्सचा तो पहिला मोठा संच, ४०७ कार्डांचा. पुढे १९५६ मध्ये टॉप्सने बोमनलाच विकत घेतलं आणि बाजारात नाव राहिलं ते टॉप्सचं. १९५२ च्या त्या संचातला शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर दुकानांत पोचला, माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्गर यांनी नंतर सांगितलं की १९६० च्या सुमारास उरलेली खोकी नावेवर लादून त्यांनी समुद्रात बुडवली. मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड याच भागातलं.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. छपाईच्या तावावर मँटलचं चित्र दोनदा होतं, म्हणजे त्याच भागातल्या इतर बहुतेक खेळाडूंपेक्षा त्याची कार्डं जास्तच निघाली. त्याच्याहून दुर्मीळ कार्डं त्याच संचात आहेत आणि ती त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. नुसतं दुर्मीळ असून भागत नाही. घेणारे पुष्कळ हवेत आणि ते खेळाडूच्या आणि कंपनीच्या नावावर जमतात.

पूर्व भागातला दहावीचा एक मुलगा मध्यंतरी एक खोकं घेऊन आला. मामा न्यू जर्सीला नोकरीत आहेत, त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून आणलेलं. आत १९८७ ते १९९१ ची बेसबॉल कार्डं खच्चून भरलेली. १९८७ च्या टॉप्सची लाकडी रेघांची किनार मी लगेच ओळखली. पाकिटातल्या च्युइंगमचा तपकिरी डाग काहींच्या पाठीवर अजून होता. त्यात बॅरी बाँड्सही निघाला. ७६२ होमरनचा, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारांचा, विक्रम याच्याच नावावर. इंटरनेटवरच्या कोणा दलालाने ‘लाखांचा माल आहे, आधी तपासणीची फी भरा’ म्हणून मुलाच्या वडिलांना गाठलं होतं. मी त्यांना पैसे भरू दिले नाहीत. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की घरोघरी खोकी पडून आहेत आणि बाँड्सचं ते कार्ड साध्या अवस्थेत काही डॉलरला मिळतं. १९८९ चं केन ग्रिफी ज्युनियरचं अप्पर डेक कंपनीचं कार्ड हे त्या काळातलं सर्वांत लाडकं रुकी कार्ड. पीएसए या संस्थेने त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती तपासून गुण दिले आहेत. दहापैकी दहा गुणांच्या प्रतीला आजही चांगला भाव येतो, कोपरा दबलेल्या प्रतीला फारसं कोणी विचारत नाही.

छाप्याचं महत्त्व सोलापूरकराला शिकवायला नको. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चादरीच्या नावावर बाहेरगावी काय काय खपतं, ते आपण पाहतोच. बेसबॉलमध्ये अधिकृत परवाना हा तो छाप. पानिनीसारख्या मोठ्या कंपनीकडे खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, संघांच्या लीगचा नव्हता. त्यामुळे तिच्या कार्डांवर खेळाडू दिसे, पण टोपीवर संघाचं चिन्ह नसे. त्याच खेळाडूचं टॉप्सचं कार्ड म्हणूनच सहसा वरचढ ठरे.

आता कंपन्या टंचाई छापूनच विकतात. एकच चित्र, सोनेरी किनारीच्या ५० प्रती, नारिंगी २५, लाल ५ आणि शेवटी एकच. बेसबॉलपटू पॉल स्कीन्सच्या पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरची पट्टी लावलेलं एकमेव कार्ड अकरा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात मिळालं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरवर गेलं. ती पट्टी पुन्हा निर्माण होणार नाही, म्हणून तो भाव. आमच्याकडची पोरं तेवढंच ऐकतात आणि ‘मर्यादित आवृत्ती’ असं लिहिलेलं कुठलंही कार्ड जपून ठेवतात. किती प्रतींपुरती मर्यादित, हे त्यावर लिहिलेलं नसतं. आकडा छापलेला नसेल तर त्या शब्दांना मी काडीची किंमत देत नाही.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी अशी बातमी छापताना किमतीच्या खाली चार गोष्टी द्याव्यात: कंपनी आणि तिचा परवाना, साल, छापलेल्या किंवा माहीत असलेल्या प्रती आणि तपासणीत मिळालेले गुण. जागा दोन ओळींची लागेल. ते कात्रण मी दुकानात पाकिटांच्या शेजारीच चिकटवीन.

कळावे,
एक दुकानदार वाचक,
नवी पेठ, सोलापूर