पाच तिकिटं काढण्याआधी

प्रिय सुहास,

तुझा मेसेज रात्री वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण मग राहवेना, म्हणून हे पत्र.

लेकीच्या पदवीदानाला तुम्ही पाच जण निघणार, काका-काकू पहिल्यांदाच विमानात बसणार, आणि प्रवासाला अजून पाच महिने आहेत. तिकीट इतरांच्या निम्म्याने स्वस्त, पण कंपनी अशी की जिच्या थकलेल्या देण्यांच्या बातम्या दर आठवड्याला येताहेत. ‘एवढी माणसं जातातच ना त्यांच्या विमानाने?’ असं तू विचारलंस. जातात. मीही जाईन, उद्या-परवाचं काम असेल तर. पण या प्रवासासाठी आणि इतक्या आधी त्यांचं तिकीट काढू नकोस, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सहा वर्षांपूर्वीचा माझा किस्सा तुला अर्धाच ठाऊक आहे. मावशीचं ऑपरेशन होतं आणि तिला आत नेण्याआधी मला पोचायचं होतं. पहाटे साडेचारला विमानतळावर गेलो, तर काउंटरवरचे दिवे चालू आणि सामानाचा पट्टा बंद. काचेवर चिकटपट्टीने लावलेला कागद होता, ‘आजची सर्व उड्डाणे रद्द’. खाली सही नाही, कारण नाही. गणवेशातली एक मुलगी तेवढी एकटी उभी होती. कंपनी बंद पडल्याचं तिलाही रात्रीच मोबाइलवर कळलं होतं, दोन महिन्यांचा पगार थकला होता, तरी ती घरी गेली नव्हती. एका वहीच्या मागच्या पानांवर ती प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर लिहून घेत होती. त्या यादीचं पुढे काही होणार नाही, हे तिला कळत असणारच. पण नाव लिहिलं गेलं की समोरचा माणूस जरा शांत व्हायचा. माझ्या नावापाशी तिचं पेन संपलं. तिने ते दोनदा झटकलं आणि मग माझ्याकडेच पेन मागितलं. मी दुसऱ्या कंपनीचं तिकीट चौपट पैसे देऊन काढलं. पोचलो तेव्हा मावशीला आत नेलं होतं. ती बरी झाली, पण त्या सकाळी तिच्याजवळ कोणीच नव्हतं, हे मला अजून सलतं. पहिल्या तिकिटाचे पैसे नेट बँकिंगने भरले होते, ते आजतागायत आलेले नाहीत.

तेव्हापासून मी या धंद्याचं गणित समजून घेतलं. तू आज पाच महिन्यांनंतरचं तिकीट काढलंस, की ते पैसे कंपनीच्या हिशोबात ‘देणं’ म्हणून लिहिले जातात, कारण सेवा अजून द्यायची आहे. पण हातात आलेली रक्कम आजच्या इंधनात आणि थकलेल्या भाड्यात जाते. याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवीन बुकिंग येत राहतात तोवर हे चालतं. म्हणून नाकातोंडाशी पाणी आलेली कंपनी पुढच्या सहा-आठ महिन्यांची तिकिटं मातीमोल भावात काढते, तेव्हा मला धडकी भरते. तुला दिसणारी सवलत म्हणजे तू त्यांना विनातारण कर्ज देतोस, त्याचं व्याज आहे. कर्ज जितके महिने लांब, तितका धोका मोठा.

आणि अशी कंपनी हळूहळू बंद पडत नाही. एका रात्रीत गाशा गुंडाळते. विमानं बहुतेक भाड्याची असतात, मालक ती परत मागतो. इंधनवाला रोख पैसे मागू लागतो. पण खरं घोडं पेंड खातं ते कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या बँकेपाशी. कंपनी बुडाली तर प्रवाशांचे पैसे आपल्याला परत करावे लागतील, या भीतीने ती बँक तिकिटांचे पैसे कंपनीला द्यायचेच थांबवते. मग उद्याच्या उड्डाणांचीही सोय उरत नाही.

ब्रिटनची मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ला पहाटे बंद पडली. तेव्हा तिचे सुमारे १,१०,००० प्रवासी परदेशात होते, आणि सरकारने विमानं भाड्याने घेऊन त्यांना घरी आणलं. आइसलँडची वाव एअर २८ मार्च २०१९ला सकाळी थांबली. लोक विमानतळावर बसलेले होते. त्यांना कोणी न्यायला आलं नाही, बाकीच्या कंपन्यांनी सवलतीत जागा दिल्या त्या आपापल्या पैशाने घ्यायच्या होत्या. गो फर्स्टने २ मे २०२३ला दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनांअभावी त्यांची जवळपास निम्मी विमानं आधीच जमिनीवर होती. सुरुवातीला तीन दिवसांचीच उड्डाणं रद्द केली, मग मुदत वाढत गेली, आणि प्रवाशांना घेऊन त्यांचं विमान पुन्हा उडालंच नाही. पुढची तिकिटं हातात असलेल्यांचे ते दिवस आठव. आज सुरू होईल, उद्या होईल, यात दुसरीकडची तिकिटंही महाग होत गेली.

तू म्हणशील, अमेरिकेत दिवाळखोरीत जाऊनही विमानं उडतातच. खरंय. तिथल्या कायद्यात न्यायालयाच्या देखरेखीखाली धंदा चालू ठेवता येतो. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन, तिघीही त्यातून बाहेर आल्या. पण स्पिरिट या तिथल्याच स्वस्त कंपनीचं बघ. नोव्हेंबर २०२४मध्ये अर्ज, मार्च २०२५मध्ये सुटका आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज. म्हणून बातमीत ‘दिवाळखोरी’ हा शब्द दिसला की घाबरण्याआधी कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे ते बघ, पण ‘तोडगा निघाला’ वाचून निर्धास्तही होऊ नकोस.

पैसे परत मिळण्याचं म्हणशील, तर बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर आधी तारण असलेल्या बँकांचा हक्क. प्रवासी रांगेत खूप मागे, आणि तिथवर बहुधा काही उरत नाही. क्रेडिट कार्ड असेल तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात, ठरलेल्या मुदतीत. मी कार्डाने पैसे भरलेच नव्हते. विमाही नीट वाच, सुहास. पुष्कळ पॉलिसींत विमान कंपनी बुडणं धरलेलंच नसतं, आणि धरलं असलं तरी पॉलिसी घेताना कंपनी अडचणीत असल्याचं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून दावा नाकारतात. आणि रद्द झालेल्या तिकिटाबदल्यात त्याच कंपनीचं कूपन घ्या म्हणाले, तर घेऊ नकोस. कंपनी गेली की कूपनही गेलं.

तुझ्या बेतातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट पैशांची नाहीच. तू मधल्या शहरापर्यंत या कंपनीचं आणि पुढे दुसऱ्याच कंपनीचं वेगळं तिकीट काढणार आहेस. पहिलं विमान निघालंच नाही, तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आले नाहीत’ असं लिहून मोकळी होईल, आणि तिची चूक नसेल. परतीला बंद पडलं तर तुम्ही पाचही जण मध्येच अडकाल. काकांचा गुडघा, काकूंच्या औषधांच्या वेळा, आणि रात्र त्या लोखंडी खुर्च्यांवर. वहिनींनी एकटीने किती बघायचं?

मला सुचतं ते असं. जायचं तिकीट धड कंपनीचं आणि एकाच बुकिंगमध्ये पुढच्या विमानासकट काढ, म्हणजे पहिलं चुकलं तरी पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर राहते. महाग पडेल, तेवढं सोस. समारंभाची तारीख हलणार नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी धर. परतीची घाई नसेल तर तुझं एकट्याचं परतीचं तिकीट त्या स्वस्त कंपनीचं हवं तर काढ, पण निघण्याआधी आठ-दहा दिवस, आणि क्रेडिट कार्डाने. तोवर त्यांची उड्डाणं वेळेवर निघताहेत का, मार्ग गुपचूप कमी करताहेत का, पगार थकल्याच्या बातम्या येताहेत का, एवढं बघत राहा. त्यांच्या विमानात बसायला मी घाबरत नाही. देखभालीची तपासणी नियामक करतात, आणि त्या मुलीसारखी माणसं शेवटच्या दिवसापर्यंत काम करतात. भीती वाटते ती विमान निघेल की नाही याची.

सवलत रविवारी संपते, असं लिहिलंयस. संपू दे. पैसे भरू नकोस, आधी मला फोन कर. दोघं मिळून दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं बघू. फरक फार झाला तर काका-काकूंच्या तिकिटांचे पैसे मी आत्ता देतो, तू सवडीने परत कर. नाही म्हणू नकोस.

काका-काकूंना नमस्कार, लेकीला शाबासकी.

तुझा,
मिलिंद