मास्तर, फॉर्म भरण्याआधी

प्रिय मास्तर,

सप्रेम सलाम.

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. "ईश्वरविज्ञानाचं, म्हणजे ख्रिस्ती थिऑलॉजीचं, पोस्टग्रॅज्युएशन करू का, की या वयात हे खूळ आहे?" एवढाच प्रश्न, आणि मी त्यावर नुसता अंगठा टाकून गप्प बसलो. चिडला असशील. पण खरं सांगू, त्याचं उत्तर मोबाईलवर दोन ओळीत बसेना, मी स्वतः त्या कोर्सातून गेलोय ना, म्हणून आज ऑडिटच्या फायली बाजूला सारून लिहायला बसलोय. लांबणार आहे, सहन कर.

आधी ते 'या वयात' निकालात काढू. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेत ठरलं की पाळक, म्हणजे पाद्री, तयार करायला सेमिनऱ्या काढायच्या, आणि त्यात घ्यायच्या मुलाला निदान १२ वर्षं पूर्ण झालेली असावीत. आपण दोघं तो नियम जवळजवळ चौपट पूर्ण करतो, त्यामुळे वयाचा मुद्दा संपला. आणि 'मी केमिस्ट्रीवाला, माझं काय काम तिथं' असं म्हणत असशील तर अँब्रोजकडे बघ. माणूस वकिलीत वाढलेला, मिलानला राज्यपाल होता, ३७४ साली बिशपच्या निवडीवरून गर्दीत भांडणं नकोत म्हणून शांतता राखायला गेला आणि लोकांनी त्यालाच बिशप केलं. बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता! काही दिवसांत बाप्तिस्मा आणि बिशपपद दोन्ही उरकलं. नंतर त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की मला न्यायासनावरून ओढून आणलं आणि जे मी शिकलो नव्हतो ते शिकवायला लागलो, म्हणून शिकणं आणि शिकवणं एकाच वेळी करावं लागलं. मी पहिल्या सेमिस्टरला हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो, कारण गेली कित्येक वर्षं दर दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये उपदेश करताना आपण दोघं नेमकं हेच करतोय, फक्त आपल्याला कुणी ओढून नेलं नव्हतं, आपण हात वर केला होता.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंयस की मंडळी, म्हणजे आपली चर्चची माणसं, माझं ऐकते, उपदेश बरा होतो, मग पदवी कशाला. मीही नेमकं हेच म्हणत होतो. मला वाटलेलं की तिथं जाऊन माझ्याकडे आहे त्यात भर पडेल, थोडं ग्रीक, थोडा इतिहास, दोनचार जाड पुस्तकांची नावं, म्हणजे जमेच्या बाजूला नोंदी. झालं उलटंच. पहिलं वर्ष सगळं खर्ची पडलं, एकेक नोंद खोडत गेलो.

तुला माझं बायबलमधल्या योहान २१ चं प्रवचन आठवतंय? तू दोनदा ऐकलंयस, बिचाऱ्या. मूळ ग्रीकमध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, विचारतो "आगापास मे", माझ्यावर प्रीती करतोस का, म्हणजे ते उंच, निःस्वार्थ प्रेम, आणि पेत्र उत्तर देतो "फिलो से", म्हणजे नुसती मैत्रीची माया, मग तिसऱ्यांदा येशूच खाली उतरून 'फिलेइस' म्हणतो... लोक डोळे पुसायचे. पाच ठिकाणी केलंय मी ते. ग्रीकच्या वर्गात सरांनी शांतपणे दोन वचनं फळ्यावर लिहिली. योहान ३:३५, पिता पुत्रावर प्रीती करतो, क्रियापद आगापान, 'आगापास'वालंच. योहान ५:२०, पिता पुत्रावर प्रीती करतो, क्रियापद फिलेइन, 'फिलो'वालं. म्हणाले, आता सांगा, पाचव्या अध्यायात पित्याचं प्रेम कमी झालं का? कुणी काही बोललं नाही. योहान हे दोन शब्द अदलाबदल करून वापरतो, त्याच उताऱ्यात 'मेंढरं' आणि 'कोकरं', 'चारणं' आणि 'पाळणं' हे शब्दही बदलून बदलून येतात, त्यावर कुणी प्रवचन करत नाही. अजूनही काही जण तिथं फरक आहे असं मानतात, वाद मिटलेला नाही, पण मी जो जिना बांधला होता, वरचं प्रेम आणि खालचं प्रेम, तो माझा होता, योहानाचा नव्हता. व्हाउचर न बघता एन्ट्री पास केली होती मी, मास्तर. इतकी वर्षं लोकांच्या वह्यांत हेच शोधून लाल पेनानं गोल करत आलो आणि स्वतःच्या वहीत हे.

त्या रात्री जुनी नोट्सची वही काढून बसलो. फार वाईट गेली ती रात्र. बायको म्हणाली, लोक रडले ते काही खोटं रडले नाहीत. ते खरंच आहे, पण त्यानं माझा प्रश्न सुटत नव्हता.

पण आपला आधीचा विषय आड येतोच असं नाही हं, कामाला पण येतो. पाठभेदांचा, म्हणजे जुन्या हस्तलिखितांत मजकूर कुठं वेगळा आहे त्याचा, पेपर आला तेव्हा वर्गातले बरेच जण घाबरले आणि मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट घे. १६ व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच. तिथं पुस्तक आठव्या वचनाशी थांबतं, स्त्रिया कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, "एफोबून्तो गार". एफोबून्तो म्हणजे त्या भ्याल्या होत्या, गार म्हणजे कारण. मराठीत 'कारण' आधी येतं, 'कारण त्या भ्याल्या होत्या', वाक्य नीट टेकतं. ग्रीकमध्ये 'गार' पहिल्या जागी येतच नाही, दुसऱ्या जागी येतं, आणि इथं वाक्यच दोन शब्दांचं, म्हणून अख्खं पुस्तक 'कारण'वर येऊन थांबतं. पुढं कोरी जागा. पान हरवलं का, की त्यानं मुद्दामच तिथं थांबवलं? दोन्ही बाजूंनी बोलणारे शहाणे लोक आहेत. मी जन्मभर अर्धवट फायली बघितल्यात, मला ठाऊक आहे की शेवटचं पान नसलं की कुणीतरी भलं माणूस ते नंतर लिहून लावतं, आणि लावणाऱ्याचा हेतू चोरीचाच असतो असं नाही, बहुतेक वेळा त्याला फाईल पूर्ण दिसायला हवी असते एवढंच. हे वर्गात बोललो तर सर म्हणाले यावर असाइनमेंट लिहा. हा एकच पेपर मला बरा गेला.

तुझं काय होईल तेही सांगतो. तू संडे स्कूलच्या पोरांना त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, समजवायला पाणी, बर्फ आणि वाफ दाखवतोस ना? ते बंद कर. एकच देव तीन वेगवेगळ्या रूपांत दिसतो हे म्हणणं तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावावर जमा झालं आणि मंडळीनं ते नाकारलं. आता तू लगेच ट्रिपल पॉइंट काढशील, ०.०१ अंश सेल्सियस, तिन्ही अवस्था एकाच भांड्यात. तुझ्याकडूनच ऐकलेलं, मी तेच वर्गात फेकलं. सरांनी विचारलं, त्या भांड्यातला प्रत्येक रेणू एकाच वेळी तिन्ही असतो का? बसलो खाली.

पण मग ४५१ ची खाल्सेदोनची बिशपांची परिषद वाचशील तेव्हा तू खूश होशील, पैज लाव. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, पण हे दोन स्वभाव एकत्र कसे, यावर त्यांनी फॉर्म्युला दिलाच नाही. चार शब्द दिले, चारही 'नाही'चे: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. म्हणजे तुझ्या भाषेत मिश्रण नाही, नवीन संयुग पण नाही, आणि दोन वेगळ्या बाटल्या तर अजिबात नाहीत. नुसतं कुंपण घातलंय, आत काय आहे ते बोललेच नाहीत! मला हे आधी पळवाट वाटलं. आता वाटतं की एवढ्या लोकांनी एवढं भांडून शेवटी कुठं गप्प बसायचं ते ठरवलं, हे सोपं काम नव्हतं.

एक जर्मन माणूस, श्लायरमाखर, त्यानं १८११ मध्ये ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाचा छोटासा आराखडा छापला. त्याचं म्हणणं, यात भाषा आहे, इतिहास आहे, तत्त्वज्ञान आहे, हे सगळे तुकडे एरवी वेगवेगळ्या खात्यांत जातील, त्यांना एकत्र धरून ठेवतं ते मंडळीचं नेतृत्व करण्याचं काम. वैद्यक आणि कायदा जसे कामामुळे एकत्र राहतात तसंच. त्याच्या बाकी मतांशी माझं फारसं जुळत नाही, पण हे पटतं, कारण आपल्यासारखे लोक उलट्या दिशेनं येतात, काम आधीच गळ्यात आहे आणि तुकडे आता गोळा करतोय.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र. दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलमध्ये पाठवतात. ही पद्धत १९२५ मध्ये अँटन बॉयसन नावाच्या पाळकानं अमेरिकेत मनोरुग्णालयात सुरू केली, तो स्वतः आधी तसल्याच इस्पितळात पेशंट म्हणून राहिलेला. तो म्हणायचा, विद्यार्थ्यांनी पुस्तकांसारखेच 'जिवंत मानवी दस्तऐवज' वाचायला शिकावं. दस्तऐवज शब्द ऐकून मी खूश, म्हटलं हे आपलं काम! भेट घ्यायची, बाहेर येऊन झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहायचं, त्याला व्हर्बेटिम म्हणतात, आणि मग ते गटात वाचायचं. माझ्या पहिल्याच व्हर्बेटिममध्ये असं होतं: पेशंट म्हणाले, "रात्री झोप येत नाही." मी म्हणालो, "स्तोत्र १२१ मध्ये म्हटलंय, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही." पेशंट म्हणाले, "हो." मी म्हणालो, "आपण प्रार्थना करूया."

सुपरवायझर बाईंनी विचारलं, झोप का येत नाही ते तुम्ही विचारलंत का? नाही. ते 'हो' म्हणाले ते कोणत्या सुरात? आठवत नाही. मग स्तोत्र कुणासाठी म्हणालात?

मास्तर, मी घामाघूम. चार ओळींचं संभाषण, कागदावर काळ्या शाईत, आणि त्यात तो माणूस कुठंच नव्हता. उत्तर तयार होतं म्हणून दिलं. आपल्या दोघांचं आयुष्य त्यावरच चाललंय, क्लायंटला लगेच उत्तर हवं असतं, विद्यार्थ्याला लगेच हवं असतं, आणि जो चटकन देतो तो हुशार. पुढच्या आठवड्यात परत गेलो, नुसता बसलो, बराच वेळ कुणीच बोललं नाही, मग ते हळूच म्हणाले की डोळे मिटले की मशीनचा आवाज बंद पडेल असं वाटतं. बस, एवढंच. मी काहीच म्हटलं नाही.

नुकसान पण सांगतो, नाहीतर म्हणशील जाहिरात करतोय. दुसऱ्या वर्षात माझे उपदेश ऐकण्यासारखे राहिले नव्हते. बायकोनं एका रविवारी मोजलं, 'काही अभ्यासकांच्या मते' नऊ वेळा. मंडळीतले एक वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमचा विश्वास ठीक आहे ना? आता जरा सावरलोय, पण तो काळ येतो, वहिनींना आधीच सांगून ठेव. हिब्रूबद्दल काही लिहीत नाही, उजवीकडून डावीकडं वाचता वाचता मान दुखते एवढंच.

कोर्स निवडताना: पूर्ण वेळ एम.डिव्ह., म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, साधारण तीन वर्षांचा असतो, कुठल्याही विषयाचा पदवीधर चालतो, नोकरी सांभाळून करणार असशील तर जास्त वर्षं धर किंवा आधी डिप्लोमा कर. संस्थेला मान्यता कुणाची ते स्वतः तपास, वेबसाईटवर लिहिलंय म्हणून नको, मान्यता देणाऱ्याच्या यादीत बघ. सहा महिन्यांत डॉक्टरेट देणारे पण भेटतील, त्यांच्या दारात उभा राहू नकोस. घरी राहून करायचं असेल तर लाजू नकोस, १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालात एका सेमिनरीनं हेच ओळखलं की मंडळ्या चालवणारी प्रौढ माणसं शेत-संसार सोडून वसतिगृहात येणार नाहीत, मग शिक्षकच त्यांच्याकडे जायला लागले. फक्त एक बघ, तुझं लिहिलेलं समोर बसून फाडणारं कुणीतरी त्यात हवं. नुसते व्हिडिओ बघून माझं योहान २१ अजून चालूच राहिलं असतं. आणि पदवी मिळाली म्हणजे पाळकपदाची दीक्षा मिळाली असं नाही, ते मंडळी ठरवते, तो वेगळा रस्ता.

तर कर, असं माझं मत. पण फॉर्ममध्ये 'हा कोर्स का करायचा आहे' असा रकाना असतो, तिथं तू काय लिहिणार ते मला आत्ताच दिसतंय, तीन मुद्दे आणि खाली निष्कर्ष. ते पाठवायच्या आधी आठवडाभर तसंच ठेव आणि परत वाच.

शिफारसपत्रासाठी माझं नाव टाक, देईन. मात्र त्यात 'उमेदवाराचे गुणदोष' असतं, दोषाच्या जागी मी खरं तेच लिहिणार आहे: प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतो. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या शिफारसपत्रात पाळकसाहेबांनीही हेच लिहिलं होतं, मला तिसऱ्या वर्षी कळलं.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
ऑडिटर