नाव पूर्ण लाव

फोंडा, गोवा

प्रिय नलू,

तुझं पत्र आणि हस्तलिखित एकाच टपालात आलं. आधी हस्तलिखित वाचून काढलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. कादंबरीविषयी खूप बोलायचं आहे, पण आधी प्रकाशकांच्या त्या सूचनेबद्दल लिहिते. तुझा जीव तिथेच अडकलाय, हे पत्राच्या अक्षरावरून कळतंय.

मुखपृष्ठावर 'नलिनी' नको, नुसती आद्याक्षरं आणि आडनाव घालू, असं ते म्हणतात. खाणीचा माल वाहणाऱ्या बार्ज, जेटी, टिप्परच्या रांगा, तांडेल आणि खलाशांमधले हिशेब, अशी कादंबरी बाईच्या नावाने आली तर पुरुष हात लावणार नाहीत आणि बायका विषय बघून बाजूला ठेवतील. मला वाचून राग आला. पण त्यांच्या भीतीला आधार आहे, तो तुझ्यापासून लपवून सल्ला देणं बरोबर होणार नाही.

मेरी ॲन सीगार्ट या ब्रिटिश पत्रकार बाईंनी २०२१च्या आपल्या पुस्तकात तिकडचे आकडे दिलेत. सर्वाधिक खपाच्या दहा लेखिकांच्या वाचकांत पुरुष फक्त १९ टक्के. तशाच दहा लेखकांचे वाचक मात्र ५५ टक्के पुरुष आणि ४५ टक्के बायका. म्हणजे बायका दोघांचंही वाचतात, पुरुष बहुतेक आपापल्यातच राहतात. कॅथरीन निकोल्स या अमेरिकन लेखिकेने २०१५ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला होता. तिने आपली कादंबरी एका पुरुषाच्या नावाने पन्नास एजंटांकडे, म्हणजे प्रकाशक मिळवून देणाऱ्या मध्यस्थांकडे पाठवली, तर सतराजणांनी हस्तलिखित मागवलं. स्वतःच्या नावाने पन्नास ठिकाणी पाठवली होती, तेव्हा दोघांनी. कादंबरी तीच, पत्रातला मजकूरही तोच. या सतरा आणि दोनकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

आपल्याकडे असे आकडे कुणी काढलेले मी पाहिले नाहीत. पण संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं देता-घेताना जे ऐकते ते याच जातीचं आहे. "काहीतरी भक्कम द्या, बायकांचं नको," असं चांगली, सुशिक्षित माणसं अगदी सहज म्हणतात. त्यांच्या मनात स्वयंपाकघर, सासू आणि अश्रू असतात. त्यातलं किती वाचलंय असं विचारलं तर बहुतेकांनी एकही वाचलेलं नसतं. आणि दोष एकट्या वाचकाचा कसा म्हणू? कितीतरी वाचनालयांत 'स्त्री-साहित्य' असं कपाट वेगळं असतं. पुरुषांचं कपाट असं कुठेच लिहिलेलं नसतं, ते सगळं नुसतं 'साहित्य'. वाचक आत येतो तेव्हा त्याच्यासाठी निवड निम्मी झालेलीच असते.

तू इंग्रजी लेखिका ब्राँटे बहिणींचा दाखला दिलास. करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी त्यांनी १८४६ मध्ये कविता छापल्या. लेखिकांकडे पूर्वग्रहाने बघितलं जाईल असं वाटलं म्हणून ही नावं घेतली, हे त्यांतल्या शार्लटने १८५० मध्ये उघड लिहून ठेवलं. पण नलू, त्यांची नावं पुढे पुस्तकावर परत आली. मेरी ॲन इव्हान्सचं तसं झालं नाही. तिची 'मिडलमार्च' ही कादंबरी आजही जॉर्ज इलियट या तिच्या टोपणनावानेच कपाटात उभी असते, आणि लेखक बाई होती हे ठाऊक नसलेले वाचक मला भेटलेत. मला भीती वाटते ती याची. नाव लपवून वाचक मिळतो, हे खरंच. पण तो शेवटचं पान मिटतो आणि 'असं बाई लिहूच शकत नाही' हा त्याचा समज जसाच्या तसा घेऊन घरी जातो. तुझी सगळी मेहनत त्या समजाच्या खात्यात जमा होते.

आता आपल्या विभावरी शिरूरकर बघ. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि केवढं वादळ उठलं! ही विभावरी कोण म्हणून शोध सुरू झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावाआड उभ्या होत्या. त्यांना लपावं लागलं, पण लपताना त्यांनी पुरुषाचं नाव घेतलं नाही. अविवाहित, शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं हे सगळं एक बाईच सांगतेय, एवढं त्यांनी मुखपृष्ठावर राहू दिलं. त्या काळात! मला ते धाडस पुस्तकातल्या कथांइतकंच मोठं वाटतं. तुझ्यावर तर लपण्याची वेळच आलेली नाही. तुझं नाव कळलं म्हणून कुडचड्यात तुझ्या दारावर कुणी दगड मारणार नाही.

उलट्या बाजूने बघितलं तर आणखी वाईट वाटतं. इथून जवळच्या वेंगुर्ल्याचे खानोलकर 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहीत, नागपूरचे माणिक गोडघाटे 'ग्रेस' झाले. दोन्ही नावं बाईची, पण 'बायकांच्या कविता' म्हणून त्यांना कुणी वेगळ्या कपाटात ठेवलं नाही. दोघेही मला अतिशय प्रिय आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. एवढंच दिसतं की पुरुषाने बाईचं नाव घेतलं की ती त्याची कविवृत्ती होते. आणि आपल्या मंगेशीच्या मंगेशकरांची लता संगीत द्यायला बसली, तेव्हा पाटीवर नाव आलं 'आनंदघन'. १९६५च्या 'साधी माणसं'ची ती गाणी कुणाची हे ठाऊक नसताना किती लोकांनी गुणगुणली असतील!

आणि गोव्यात आद्याक्षरांनी लपणार तरी काय गो? इथे आडनाव वाचलं की माणूस गाव काढतो, गावावरून देऊळ, देवळावरून जात. मराठीत लिहिलं म्हटल्यावर १९८७च्या राजभाषा कायद्याच्या वेळी तुमचं घर कोकणी की मराठी, कुठल्या बाजूला होतं, हाही हिशेब मांडून होतो. एवढी सगळी ओळख मुखपृष्ठावर चालते, फक्त तू बाई आहेस एवढंच खुपतं, हे मला पटत नाही.

मी रोज बघते ते सांगते, कारण मार्ग मला तिथे दिसतो. पुस्तक हातात देताना मी आधी लेखकाचं नाव घेत नाही, आतली गोष्ट सांगते. खाणीवर आयुष्य गेलेले एक आजोबा आमच्याकडे येतात, ते फक्त युद्धाच्या आणि शिकारीच्या गोष्टी नेत. त्यांना एका लेखिकेची कादंबरी अशीच मधलं एक पान वाचून दाखवून दिली. परत करताना तिचंच दुसरं काही आहे का, असं त्यांनी नाव घेऊन विचारलं. नाव घेऊन, हे लक्षात घे. आद्याक्षरं असती तर त्यांनी काय विचारलं असतं?

तुझा तिसरा भाग मी त्यांनाच आधी देणार आहे. सुकती लागते, माल भरलेली बार्ज जुवारी नदीत रेतीवर बसते, आणि रात्रभर भरतीची वाट बघत पाचजण एका कंदिलाभोवती बसून राहतात, ती पानं. तुझे बाबा बार्जवर होते, तू लहानपणी जेटीवर डबा घेऊन जायचीस. ती लहान मुलगी तिथे उभी होती म्हणूनच ही पानं लिहिली गेली. खलाशी एकमेकांना जे सांगत नाहीत ते डबा घेऊन आलेल्या पोरीसमोर बोलून जातात, हे तूच लिहिलंयस. मग तिचंच नाव मुखपृष्ठावरून का काढायचं?

तुला टोपणनाव मनापासून आवडलं असतं, तर मी एक अक्षर बोलले नसते. नाव निवडणं लेखकाचा हक्कच आहे. पण तुझ्या पत्रात आवड कुठेच नाही, 'ते म्हणतात तर' एवढंच आहे.

त्यांना लिही की नाव पूर्ण राहील, आणि मागच्या पानावर लेखिका कुडचड्याची, बार्जवरच्या तांडेलाची मुलगी, असंही छापा. बार्जचं जग कळलेलं माणूस लिहितंय, हे त्या एका ओळीने वाचकाला समजेल. ते अडून बसले तर मला सांग. इथल्या दोघा-तिघांशी मी बोलले आहे, पहिलं जाहीर वाचन आमच्या वाचनालयात करू, जेटीवर काम केलेल्या माणसांना मुद्दाम बोलावू.

शेवटचे दोन भाग मात्र घाईत उरकलेस. खाणी बंद पडल्यावर बार्ज किनाऱ्याला गंजत उभ्या राहिल्या, ते सगळं दीड पानात संपतं. तिथे तू थांबायला हवंस. चवथीच्या आधी एक रविवार इकडे ये, हस्तलिखित घेऊन बसू. आईला नमस्कार सांग, आणि प्रकाशकांना उत्तर टाकण्याआधी मला फोन कर.

तुझी,
मंदा