नव्या पर्सविषयी थोडेसे

डोंबिवली,
७ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर पर्सची किंमत दोन हजार आठशे रुपये सांगितली आणि आई एकदम गप्प झाली, ते मला जाणवले. गाडीच्या गर्दीत धड बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गेल्या वर्षी घेतलेली साडेनऊशेची पर्स दिसायला हुबेहूब चामड्याची होती, पण ते कापडावर चढवलेले पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक होते आणि मुंबईच्या दमट हवेत हा थर हळूहळू सुटत जातो. या पावसाळ्यात पट्ट्याचे पापुद्रे निघू लागले. एका बैठकीत माझ्या पांढऱ्या कुडत्याच्या खांद्यावर पडलेले काळे कण शेजारच्या बाईंनी दाखवले, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले.

यंदा मी घाई केली नाही. एका शनिवारी सायनला उतरून धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत दुपारभर हिंडले. कातडी कमावण्याचे काम तिथे आता फारसे उरलेले नाही, चामडे बरेचसे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार होऊन येते. कापणे-शिवणे मात्र अजून तिथेच चालते.

बाबा, मी सर्वांत आधी पट्ट्याचा जोड पाहिला. एसटीत असताना तुमची तिकिटांची आणि सुट्ट्या पैशांची चामडी पिशवी नेमकी बंदापाशी उसवायची आणि तुम्ही रात्री जेवणानंतर मेण लावलेल्या दोऱ्याने तिला टाके घालत बसायचा, ते मी शेजारी बसून पाहिलेले आहे. या पर्सचा पट्टा नुसता वरच्या कडेला टाचलेला नाही, तर चार बोटे खाली आणून चौकोनात शिवलेला आहे, चौकोनाच्या आत फुलीही मारलेली आहे आणि पाठीमागे चामड्याचा आणखी एक तुकडा दिलेला आहे. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री मिळून चार किलोंचे ओझे रोज त्या जोडावर असते, म्हणून मला त्याचेच मोल अधिक वाटले. चेन धातूची आहे, ती कोपऱ्यावर अडत नाही. तळाला पितळी बटणे असल्यामुळे गाडीच्या डब्यातल्या ओल्या फरशीवर ठेवली तरी चामडे भिजत नाही.

आई, रंग गडद तपकिरी घेतला. फिकट तपकिरी मला जास्त आवडला होता, पण त्यावर पावसाच्या थेंबांचे डाग उठून दिसतात. आकार साधा चौकोनी, वर एकही चकचकीत नाव नाही, त्यामुळे साडीवरही शोभते आणि पँट-शर्टवरही. चांगले दिसावे असे मला मनापासून वाटते, कारण ऑफिसात नवीन लोकांना रोज भेटावे लागते आणि नीटनेटके असलो की बोलताना बळ येते. याहून सुंदर पर्स सात हजारांना होती. ती मी परत ठेवली.

दिवाळीला येताना ही पर्स घेऊन येईन. बाबा, आतल्या कप्प्याचा एक टाका मला सैल वाटतो, तेवढा तुमच्या हाताने घालून द्यावा.

तुमची,
लेक