सूचना : रविवारच्या बैठकीआधी कानांची तपासणी

सर्व सदस्य पालकांसाठी,

येत्या रविवारी संध्याकाळी ४ वाजता फोंड्यात नेहमीच्या जागी बैठक आहे. नव्याने आलेल्या पालकांनी मुलाच्या श्रवणचाचणीचा अहवाल आणावा. 'हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही' एवढ्यावरून स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) शिक्का बसतो, आणि कान तपासायचे राहूनच जातात. घरात कोंकणी, बालवाडीत मराठी, म्हणून बोलायला उशीर होतो, ही समजूतही सोडा. दोन भाषांमुळे कोणी मुके राहत नाही.

मागून टाळी वाजवून किंवा ताट आपटून घरी केलेली परीक्षा धरू नका. कमी ऐकणारे मूलही मोठ्या आवाजाला दचकू शकते. त्याला निसटतात ते 'स', 'फ'सारखे बारीक आवाज. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचले, तर ऐकणे आज बरे, उद्या कमी असे होते. मग लोक म्हणतात, हट्टी आहे!

जन्मावेळची चाचणी ठीक होती, तरी पुन्हा करा. श्रवणदोष नंतरही येतो. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) झोपेत होते, त्यामुळे मुलाला वाटेत गाडीत झोपू देऊ नका.

बोट दाखवून वस्तू मागणे, नजरेला नजर देणे, खुणांनी सांगणे हे मूल करते का, ते लिहून आणा. केवळ कमी ऐकणारी मुले बहुधा हे करतात. मात्र श्रवणदोष आणि स्वमग्नता या दोन्ही अडचणी एकत्रही असू शकतात, म्हणून थेरपी चालू असेल तर ती थांबवू नका.

— संयोजक